पावसाळी बंदीत स्वतःची आणि संस्थेची डागडुजी कशी करावी

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब अर्धवट, होमस्टेच्या गाद्यांना दमट वास. शहरातल्या कंपन्या ज्या कामासाठी दोन दिवसांचं शिबिर भरवतात आणि सल्लागाराला पैसे मोजतात, त्या कामासाठी आपल्याला तारखा आयत्या मिळाल्या आहेत. आपण त्या झोपेत, पत्त्यांत आणि जमिनीच्या वादात घालवतो. झोपेबद्दल माझी तक्रार नाही.

काम असं आहे. आपण लोकांना जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे करतो, त्यातलं अंतर शोधायचं आणि कमी करायचं. हे अंतर रोज सांभाळावं लागतं. काय बोललो होतो ते लक्षात ठेवावं लागतं, कोणासमोर कुठला चेहरा ते ठरवावं लागतं, आणि माणूस मुख्यतः त्यानेच दमतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बचत गटांची, सोसायट्यांची, वाचनालयांची दप्तरं बघता बघता माझं हे मत पक्कं झालंय. गावातल्या संस्थेत माणूस आणि संस्था वेगळी काढता येत नाहीत. अध्यक्षबाई दमल्या की गट दमतो, सचिव कंटाळला की दप्तर कंटाळतं. म्हणून आधी माणूस आणि मग संस्था, असा क्रम ठेवला आहे. तो उलटा करू नका. दमलेला माणूस संस्था सुधारायला बसला की दुसऱ्यांचे दोष काढतो.

आधी तारीख ठरवा

‘पावसाळ्यात बघू’ म्हणजे कधीच नाही. शेती असेल तर लावणीचे दिवस सोडा, त्या काळात कोणी कोणाचं ऐकत नाही. लावणी आटोपल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंतचे दोन-तीन आठवडे सगळ्यांना सोयीचे. त्यानंतर गणपती, चाकरमानी, भजनं, आणि मग थेट दिवाळी. मच्छीमार सोसायटीने जून गाठावा, कारण जुलै उजाडला की जाळी विणणं, इंजिन, रंग यांची धावपळ सुरू होते. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, तेव्हा त्यांनी हे सगळं ऑगस्टच्या आत संपवलं तर सभेत खरा अहवाल मांडता येईल.

स्वतःसाठी पंधरा दिवस, संस्थेसाठी महिना. एवढं पुरतं.

पायरी १: थकवा कुठला आहे ते ओळखा

पहिलं काम रक्त तपासण्याचं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, जमलं तर बी-१२. मनाचा कंटाळा म्हणून वर्षभर काढलेली गोष्ट पुष्कळदा पंडुरोग निघते, बायकांच्या बाबतीत तर फारच. ग्रामीण रुग्णालयात विचारा, बऱ्याच तपासण्या तिथेच होतात. हे न करता ‘मला काहीतरी नवं करायला हवं’ म्हणून योगवर्गाला नाव घालण्यात अर्थ नाही.

रिपोर्ट ठीक आले तर पुढचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. हे महत्त्वाचं आहे, कारण मग प्रश्न ‘माझ्यात काय कमी आहे’ एवढाच राहत नाही, ‘या कामात काय बिघडलंय’ हाही होतो.

तिन्हींपैकी दुसरं लक्षण आपल्याकडे सगळ्यात उशिरा ओळखलं जातं, कारण तिरकस बोलणं हा आपला स्वभावच समजला जातो. ज्या माणसाला आलेल्या पाहुण्याची, सभासदाची, वाचकाची खिल्ली उडवल्याशिवाय दिवस जात नाही, त्याला लोक विनोदी म्हणतात. दोन वर्षांपूर्वीही तो असाच होता का, एवढं त्याच्या बायकोला विचारा.

मग बिघाड कुठे आहे ते शोधा. क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर या अभ्यासकांनी सहा जागा सांगितल्या आहेत, मी त्या आपल्या भाषेत मांडते. काम झेपण्यापलीकडचं आहे का? निर्णय आपल्या हातात आहे का, की सगळं मुंबईच्या भावाला फोन करून ठरतं? केल्याचं चीज होतं का, पैशाने किंवा निदान शब्दाने? सोबतची माणसं सोबत आहेत का? वागणूक सगळ्यांना सारखी आहे का? आणि शेवटचं, हे काम करताना आपल्याला न पटणारं काही करावं लागतं का? सहापैकी दुखरी जागा एखाद-दुसरीच असते. तिच्यावर खूण करा.

एक सूचना इथेच. झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच जीव रमत नाही, असं दोन आठवडे सलग चाललं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूसुद्धा नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. शेजारी काय म्हणतील हा प्रश्न फोनला लागू नाही.

पायरी २: दोन रकान्यांची वही

शंभर पानी वही घ्या. मधोमध रेघ. डावीकडे ‘सांगितलं’, उजवीकडे ‘होतं’. पंधरा दिवस, रात्री जेवणानंतर, दिवसातल्या दोन-तीन गोष्टी. मोठं पाप शोधायचं नाहीये, फक्त जिथे बोलणं आणि असणं जुळलं नाही ती जागा टिपायची.

होमस्टे चालवणाऱ्या बाईची वही कशी दिसेल बघा. जुलै महिना, पुण्याचं कुटुंब आलंय, त्यांना सुरमई हवी आहे. डावीकडे: ‘ताजी आहे, सकाळीच आली.’ उजवीकडे: ‘बर्फातली, मे महिन्यातली.’ दुसऱ्या दिवशी डावीकडे: ‘कोकम आमच्या परसातलं.’ उजवीकडे: ‘आगळ बाजारातून आणलं, आपलं झाड गेल्या वर्षी पडलं.’ तिसऱ्या दिवशी: ‘छे छे, त्रास कसला!’ आणि समोर: ‘रात्री अकराला पोळ्या लाटल्या, पाठ गेली.’

या तीन नोंदी तीन वेगळ्या जातीच्या आहेत. पहिली ग्राहकाची फसवणूक आहे. दुसरी आपली भीड, खरं सांगितल्याने काही बिघडणार नव्हतं. तिसरी मर्यादा न घालण्याची सवय. पंधरा दिवसांनी वही वाचताना प्रत्येक नोंदीपुढे फ, भी किंवा म लिहा. कुठलं अक्षर जास्त येतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

पहिल्या चार दिवसांत वही खोटी लिहिली जाते, हे गृहीत धरा. आपण स्वतःपुढेसुद्धा बरे दिसायला बघतो. पाचव्या-सहाव्या दिवशी कंटाळा आला की खरं यायला लागतं. वही कोणाला दाखवायची नाही, नवऱ्याला नाही, बायकोला नाही, माझ्यासारख्या प्रशिक्षकाला तर मुळीच नाही.

पायरी ३: कुठलं सोंग ठेवायचं

वहीतलं सगळंच पुसायचं नाही. खरेपणा म्हणजे मनात आलं ते तोंडावर फेकणं, असा एक समज आहे, आणि आपल्याकडे त्याला फणसाच्या काट्यांचं आयतं समर्थन मिळतं. बाहेरून काटे, आतून गरे! अहो, पण समोरच्याला तुमच्यासोबत काटेच मिळतात, गरे कधी पिकणार? अपमान करण्याची सवय ही प्रामाणिकपणाची खूण नव्हे.

सोंग कसं घ्यावं आणि उतरवावं हे दशावतारी नटाकडून शिकावं. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं त्यांच्याबद्दल म्हटलंच जातं. रात्रभर जत्रेत इंद्र नाहीतर रावण होऊन उभा राहणारा माणूस पहाटे रंग पुसतो आणि आपली पेटी उचलतो. सोंग घेतल्याची लाज त्याला नसते आणि ते उतरवायची जागाही त्याच्याकडे असते. पाहुण्यांसमोर हसतमुख असणं, सभेत गंभीर असणं, बँकेत नम्र असणं ही भूमिका आहे, त्यात खोटं काही नाही. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामावर लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं. हसणं हेही काम आहे आणि त्याचाही घाम येतो. ज्याला रंगपट नाही, म्हणजे रंग पुसायला कोपरा नाही, तो माणूस सोंगातच झोपतो.

म्हणून ठेवायच्या प्रत्येक भूमिकेला तीन प्रश्न विचारा. यात कोणाचा पैसा, आरोग्य किंवा हक्क बुडतो का? बुडत असेल तर ती भूमिका नाही, लबाडी आहे. ही उतरवायला मला रोज जागा आणि वेळ आहे का? आणि ती मी घेतली आहे, की कोणी माझ्यावर चढवली आहे? थोरली सून म्हणून चढलेली, गावकर घराण्यातला म्हणून चढलेली, ‘तुला लिहिता-वाचता येतं ना’ म्हणून चढलेलं सचिवपद. तिसऱ्या प्रश्नाशी लोक जास्त वेळ अडतात. अडू द्या.

पायरी ४: एक सोडा, एक धरा

एकाच वेळी दहा संकल्प करू नका. ‘फ’ची एक नोंद आजपासून बंद. ‘म’ची एक मर्यादा आजपासून लागू.

मर्यादा कशी घालावी याचा नमुना समुद्रावरच आहे. मासेमारीची बंदी चालते कारण तिला तारीख आहे, ती सगळ्यांना माहीत आहे आणि मोडली तर दंड आहे. ‘जरा कमी मासे धरा’ असं आवाहन केलं असतं तर एकही होडी जेटीला लागली नसती. तुमची मर्यादाही तशीच लिहा. ‘रात्री साडेनऊनंतर जेवण मिळणार नाही’ असं दारावर लागलं पाहिजे. ‘सोमवारी गटाचं काम नाही’ हे गटातल्या सगळ्या बायकांना माहीत पाहिजे. पहिला आठवडा नाराजी येईल. दुसऱ्या आठवड्यात लोक साडेआठला जेवायला बसतात.

धरायची गोष्ट अशी निवडा जिच्यात तुम्ही नवखे असाल. गावात सगळे ज्याला विचारून करतात, त्या माणसाला शिकाऊ होण्याची संधीच मिळत नाही. कोणाकडून तरी पोहणं, हार्मोनियम, मोबाइलवरचा हिशेब, नाहीतर जाळं विणणं शिका. शक्यतो वयाने लहान असलेल्याकडून. चुकायला मोकळीक मिळाली की माणूस बाकीच्या ठिकाणीही कमी ताठ राहतो.

आणि कलमाचं एक ऐका. हापूस मुळात सालाआड धरणारं झाड. जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहर आणणारं औषध, घातलं की दरवर्षी मोहर येतो, पण मग खतही त्या हिशेबाने वाढवावं लागतं, आणि अशक्त झाडाला ते द्यायचंच नसतं. नुसतं कल्टार ओतत राहिलेल्या बागा कशा खंगतात हे ज्याने त्याने पाहिलंय. बक्षीस, पद, टार्गेट, गावाची शाबासकी हे आपलं कल्टार. तुम्हाला खत कोण घालतंय याचं उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. नाव सुचलं नाही तर या पावसाळ्यात संस्थेच्या भागाला हातच लावू नका, पुढच्या वर्षी करा.

पायरी ५: संस्थेचं दप्तर उघडा

इथे बहुतेक लोक ध्येय-उद्दिष्टांचा फलक रंगवायला घेतात. फलक शेवटी. आधी दप्तर.

इतिवृत्ताची वही काढा आणि फक्त शाई बघा. वर्षभराच्या बारा सभा, एकाच निळ्या पेनाने, एकाच बसणीत उतरलेल्या, अक्षर शेवटाकडे घाईचं झालेलं. प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते मंजूर’. सह्यांच्या जागी तीन-चार सह्या एकाच वळणाच्या. लेखापरीक्षक यायच्या आदल्या रविवारी वही लिहिली आणि पोरगा घरोघरी सह्या घ्यायला पाठवला, हे पान न बोलता सांगतं. पैसा कोणी खाल्लेला नसतो, बहुतेक वेळा खरंच नसतो. पण सभा झाल्याच नाहीत, आणि सगळ्यांना माहीत आहे की झाल्या नाहीत. ज्या संस्थेच्या मूळ वहीतच सगळ्यांनी मिळून खोटं लिहिलंय, तिथे पुढे खरं बोलायला जीभ उचलत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मागची पानं तशीच राहू द्या, ती ‘सुधारायला’ जाऊ नका, तो आणखी एक गुन्हा होईल. पुढच्या सभेपासून इतिवृत्त सभेतच लिहायचं, सभा संपताना मोठ्याने वाचायचं आणि तिथेच सह्या. चार ओळींचं झालं तरी चालेल. विरोध झाला असेल तर विरोध लिहायचा.

नंतर बाकीचं. बचत गट असेल तर पंचसूत्री तपासा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाची नोंद. गटातल्या सगळ्यात नव्या तीन बायकांना वेगवेगळं विचारा, ‘कर्जाला व्याज किती?’ तीन उत्तरं आली तर नियम फक्त वहीत आहे. न्यास असेल तर विश्वस्तांची यादी बघा. आपल्याकडच्या देवस्थानांच्या आणि शिक्षण संस्थांच्या सरकारी नोंदीत स्वर्गवासी मंडळी अजून कारभार करत असतात. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. राहिला असेल तर वकिलाला विचारून विलंबमाफीसह द्या. वाचनालय असेल तर नोंदवहीतली पुस्तकं आणि कपाटातली पुस्तकं जुळवा. पावसाळ्यात कपाटं उघडायचीच असतात, वाळवी नोंदवही वाचत नाही.

याच पायरीत रजेची परीक्षा घ्या. खजिनदाराला खरोखर पंधरा दिवस रजेवर पाठवा, फोनसुद्धा करायचा नाही. काय काय अडतं त्याची यादी करा. बँकेचा पासवर्ड, कुलपाची किल्ली, कोकम सरबताचं प्रमाण, जे जे एकाच डोक्यात आहे ते कागदावर आणि दुसऱ्या माणसात उतरवा. यात अविश्वास नाही. खजिनदाराने कुरकुर केली तर त्याला स्पष्ट सांगा की हिशेब दोघांना माहीत असला की संशय एकावर येत नाही.

पायरी ६: एक सभा, जिथे ‘व्हय म्हाराजा’ चालणार नाही

देवासमोर गाऱ्हाणं घालताना जाणता माणूस एकेक मागणं मांडतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवळात ते शोभतं. आपल्या सभाही तशाच चालतात, म्हणून अडचण. अध्यक्ष बोलतात, मंडळी मान हलवतात, आणि खरी सभा नंतर बांधावर नाहीतर एसटीच्या थांब्यावर होते. विचारलं तर ‘सगळा बरा आसा’.

संशोधन इथे उपयोगी पडतं. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांत औषध देण्यातल्या चुका मोजल्या. चांगल्या गटात चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, आकडे उलटे आले. चांगल्या गटात नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्यांनी लावलेला अर्थ असा, की तिथे चूक सांगायची भीती नव्हती म्हणून ती उघड होत होती. तुमच्या संस्थेत वर्षभर एकही चूक नोंदलेली नसेल, तर आनंद मानण्याआधी हे आठवा.

तर सभा अशी घ्या.

जागा अध्यक्षांचं घर नको. शाळेचा वर्ग, देवळाची ओसरी, समाजमंदिर चालेल. चहा आधी, शेवटी नको, म्हणजे कोणी चहासाठी बसून राहत नाही. गोल बसा. बोलण्याची सुरुवात सगळ्यात लहान किंवा नव्या सभासदाने करायची, अध्यक्ष आणि गावातले मान्यवर सगळ्यात शेवटी. हा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं, आणि हाच मोडायचा प्रयत्न सगळ्यात आधी होतो. ‘मी जरा प्रास्ताविक करतो’ म्हणून कोणी उभं राहिलं की त्यांना प्रेमाने बसवा.

प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या द्या, नाव लिहायचं नाही. एकीवर: ‘आपण लोकांना सांगतो, पण करत नाही, अशी एक गोष्ट.’ दुसरीवर: ‘हे काम बंद झालं तर मला बरं वाटेल.’ ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्या बाहेरच्या कोणी, शाळेतल्या बाईंनी वगैरे, बाजूला बसून लिहाव्यात. चिठ्ठ्या मिसळून मोठ्याने वाचा. त्या वेळी खुलासा करायचा नाही, ‘कोणी लिहिलं हे?’ विचारायचं नाही, हसायचं नाही. व्यक्तीचं नाव आलं तर ते गाळून प्रसंग तेवढा वाचा.

कोणाला बोलवायचं हाही प्रश्नच. मच्छीमार सोसायटीच्या सभासदांच्या यादीत नौकामालक असतात. मासळी विकणाऱ्या बायका आणि खलाशी बहुधा नसतात, आणि रत्नागिरीच्या बंदरांतले कितीतरी खलाशी तर नेपाळचे, पावसात गावी गेलेले. बायकांना बोलवा. खलाशांचं म्हणणं ते जायच्या आधी, मे अखेरीस, विचारून ठेवा. तांडेल, म्हणजे नौकेवरचा प्रमुख, विचारेल तर ते बोलणार नाहीत, दुसरं कोणी विचारावं. प्रक्रिया केंद्रात काजू सोलणाऱ्या बायका रोजावर असतात म्हणून त्यांना सभेला बोलवत नाहीत. संस्थेचं खरं रूप सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं.

पंधरा दिवसांत प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्यायचं: करू, करणार नाही, किंवा अमुक तारखेपर्यंत सांगतो. ‘करणार नाही’ हे उत्तर चालतं, कारण द्या म्हणजे झालं. उत्तरच दिलं नाही तर पुढच्या वर्षी चिठ्ठ्या कोऱ्या येतील आणि तो दोष लोकांचा नसेल.

पायरी ७: एक काम बंद करा

दुसऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घ्या. त्यात ठराविक गोष्टी येतात: कोणी न येणारं व्याख्यान, स्मरणिका, तोट्यातलं भिशीचं जेवण, पाहुण्यांच्या सत्कारासाठी शाल-श्रीफळ. एक बंद करा, ठराव करून. गावात कुठलीही गोष्ट सुरू करताना नारळ फुटतो, बंद करताना कोणी सांगत नाही, नुसती सुकत जाते. उघडपणे बंद केलेल्या कामाने माणसं मोकळी होतात.

काय ठेवायचं, हे ओळखायला संकट यावं लागतं असं नाही, पण संकटात ते लख्ख दिसतं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथली पुस्तकं गेली. वाचनालय पुन्हा उभं राहिलं ते वाचकाला पुस्तक द्यायचं या कामावर. निसर्ग वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या तेव्हाही हाच प्रश्न होता: पुन्हा सुपारीच लावून काही वर्षं उत्पन्नाची वाट बघायची, की मधल्या काळात दुसरं काही? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. पण ‘आपण मुळात कशासाठी आहोत’ याचं उत्तर आधी एका वाक्यात यायला हवं, आणि ते वाक्य समितीतल्या प्रत्येकाने वेगवेगळं लिहून मग जुळवायचं.

पायरी ८: आता फलक बदला

इथवर आलात की बाहेर काय सांगायचं ते सुटसुटीत होतं. लेबल, पाटी, व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात, सगळं समोर ठेवा आणि खोटा किंवा फुगवलेला शब्द खोडा.

‘हापूस’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. कर्नाटकातलं फळ चांगलं असू शकतं, त्याला त्याच्या नावाने विका. ‘देवगड’ छापलेल्या पेटीत ते भरणारा आपल्याच शेजाऱ्याच्या बागेचा भाव पाडतो, मग नंतर कोकणच्या मालाला किंमत नाही म्हणून भाषण करतो. ‘सेंद्रिय’ लिहायचं तर पीजीएस किंवा एनपीओपी या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं, थेट ग्राहकाला विकणाऱ्या अगदी छोट्या उत्पादकाला काही सूट आहे. प्रमाणपत्र नसेल तर जे केलं ते लिहा: ‘मोहरावर दोन फवारण्या, नंतर नाही. गवतात पिकवलेला.’ असं लेबल वाचून ग्राहक प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणारा ग्राहक पुढच्या वर्षी परत येतो.

होमस्टेवाल्या बाईंच्या जुलैच्या पाटीवर आता असं असेल: ‘समुद्र बंद आहे. खाडीतली कोळंबी मिळाली तर आज, नाहीतर सुक्या बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, अळूचं फदफदं. नागपंचमीला पातोळ्या. चढणीचे मासे नशिबात असतील तर.’ काही पाहुणे फोन ठेवतील. ज्यांना सुरमईच हवी त्यांनी ऑक्टोबरात यावं. जे येतील त्यांच्यासमोर खोटं बोलायची वेळ येणार नाही, आणि वर्षभर मासळीच्या भावाने कापली जाणारी कमाई या ताटात बरीचशी वाचेल.

पायरी ९: पुन्हा कधी बघायचं

दोन तारखा: दिवाळीनंतरचा पहिला रविवार आणि शिमगा. दिवाळीनंतर फक्त तीन गोष्टी बघा. इतिवृत्त सभेतच लिहिलं जातंय का, चिठ्ठ्यांची उत्तरं गेली का, आणि तुमची दारावरची मर्यादा अजून दारावर आहे का. शिमग्याला, आंब्याच्या गडबडीआधी, दोन रकान्यांची वही पुन्हा एक आठवडा लिहा आणि जुन्या वहीशी ताडून बघा. ‘फ’ कमी झालेले असतील तर काम झालं. ‘म’ वाढलेले असतील तर घाबरू नका, आता तुम्हाला ते दिसायला लागलेत.

संस्थेत भाऊबंदकीचा दावा चालू असेल, किंवा समितीतल्या कोणाच्या घरी नुकतंच काही वाईट झालं असेल, तर सहावी पायरी त्या वर्षी गाळा. पाचवी मात्र करा, दप्तराला कोणाच्या भावना आड येत नाहीत.

एकच गोष्ट सलग दोन पावसाळे चिठ्ठीत आली आणि दोन्ही वेळा ‘बघतो’ असं उत्तर गेलं, तर तो विषय समितीकडून काढून घ्या आणि सर्वसाधारण सभेत मतदानाला टाका. हात वर करून नको, चिठ्ठीने. मोजणीला समितीबाहेरचे दोघे बसवा आणि आकडा तिथेच इतिवृत्तात लिहा.